जुना कॅमेरा घेताना पडद्याआड डोकावा



इंदापूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "घरी शिवणकाम करते. बारसं, डोहाळजेवण, मुलांचे वाढदिवस यांचे फोटो काढायची मला फार हौस. आजवर मोबाइलवरच काढले. 'तुम्हीच या बाई, परका पुरुष नको' असं पुष्कळजणी म्हणतात, तेव्हा दोन पैसेही मिळतील असं वाटतं. यंदा भिशी लागली आणि पन्नास हजार रुपये हातात आले. जाऊबाईंचे बंधू बारामतीला लग्नाचे फोटो काढतात. ते नवा कॅमेरा घेताहेत, म्हणून जुना मिररलेस मला द्यायला तयार आहेत. म्हणतात, 'ताई, फार वापरलेलाच नाही.' आमचे हे म्हणतात, घरच्या माणसाचं काय तपासायचं? पण भिशीचे सात हप्ते अजून भरायचे आहेत. कॅमेरा दोन महिन्यांत बंद पडला तर हप्ते काही थांबायचे नाहीत. मी काय बघू, आणि विचारू कसं?"

ताई, विचारायला संकोच नको. भिगवणच्या बाजारात मासळी घेताना विकणारी कितीही ओळखीची असली तरी आपण कल्ले उचलून बघतोच ना? म्हैस घ्यायची तर दोन वेळची धार काढून बघितल्याशिवाय कोणी दावं सोडत नाही. त्याचा राग कोणालाच येत नाही, कारण ती बाजाराची रीतच आहे. कॅमेऱ्याचेही कल्ले असतात, आणि ते कसे उचलायचे हे कळलं की निम्मी भीती जाते. अशा बेतात आणखीही काहीजणी असतील, म्हणून आज सविस्तरच सांगते.

शटर म्हणजे काय?

दुकानाचं शटर आपण रोज बघतो. सकाळी वर, रात्री खाली. कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे असाच एक पडदा. अतिशय पातळ पात्यांचा असतो आणि ज्या चौकोनी काचेवर चित्र उमटतं त्या सेन्सरच्या पुढे बसवलेला असतो. बटण दाबलं की तो ठरावीक काळापुरता उघडतो आणि मिटतो. हा काळ सेकंदाचा चार हजारावा भाग इतकासुद्धा असू शकतो.

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. पहिला असा कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ साली काढला. सोनीची ए-७ मालिका २०१३ साली आली, आणि निकॉनची झेड व कॅननची ईओएस आर ही मंडळी २०१८ साली. या कॅमेऱ्यांत आपल्याला पडद्यावर चित्र सतत दिसावं म्हणून शटर एरवी उघडंच असतं. बटण दाबलं की ते आधी मिटतं, मग फोटोपुरतं उघडतं, पुन्हा मिटतं आणि पुन्हा उघडतं. म्हणजे एका फोटोला बिचाऱ्याची दुप्पट धावपळ! काही कॅमेऱ्यांत सुरुवातीचं काम वीजच करते आणि पडदा फक्त शेवटी हलतो, त्यामुळे झीज थोडी कमी होते. 'सायलेंट' ठेवून काढलं तर पडदा मुळीच हलत नाही.

आता दुकानाचं शटर दहा वर्षं वापरल्यावर कसं खडखडतं, मध्येच अडकतं? तसंच इथे. स्प्रिंगा, दाते, पाती झिजतात. एक दिवस पडदा अर्ध्यावर थांबतो आणि फोटो अर्धा काळा येतो. तो दिवस कोणाच्या तरी बारशाचा असेल तर? पाळण्यात नाव ठेवायचा क्षण काही पुन्हा घेता येत नाही.

आयुष्य किती?

कंपन्या आपल्या शटरची कारखान्यात चाचणी घेतात आणि इतक्या वेळा चालेल असा आकडा सांगतात. सोनी ए-७ मार्क ३, निकॉन झेड ६ आणि कॅनन ईओएस आर या तिघांचा आकडा २ लाख आहे. कॅननच्या लहान ईओएस आरपीचा १ लाख, ईओएस आर ६ आणि फुजीच्या एक्स-टी ४ चा ३ लाख, तर ईओएस आर ५ चा ५ लाख. निकॉनच्या झेड ९ मध्ये, जो २०२१ साली आला, हलणारा पडदाच नाही. तिथे हा प्रश्नच मिटला, पण तो आपल्या भिशीत बसणारा नव्हे.

हा आकडा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत समजू नका. दोन लाखांचं शटर तीन लाखांपर्यंतही रेटतं, आणि एखादं पन्नास हजारांतच मान टाकतं. मिक्सरच्या मोटरीचंही असंच असतं की नाही? आकड्यावरून फक्त एवढं कळतं की आपण वाटेच्या सुरुवातीला आहोत की शेवटाला.

दोन घरचे कॅमेरे

आपल्या बारामती-इंदापूर भागात जुने मिररलेस साधारण दोन घरांतून येतात.

पहिलं घर लग्नाच्या फोटोग्राफरचं. हिशेब करून बघा. हळदीपासून वरातीपर्यंत एका लग्नात दोन हजार फोटो सहज होतात. मोसमात चाळीस लग्नं धरली तर वर्षाचे झाले ऐंशी हजार. असा कॅमेरा तीन वर्षांचा असेल तर बोटं मोडायची गरजच नाही. मात्र पुष्कळ फोटोग्राफर दोन कॅमेरे ठेवतात आणि एकावर फक्त व्हिडिओ काढतात. व्हिडिओत शटर हलत नाही, म्हणून अशा कॅमेऱ्याचा आकडा खरोखरच कमी निघतो. जाऊबाईंचे बंधू 'फार वापरलेला नाही' म्हणतात ते खरंही असेल. पण शटर कमी चाललं याचा अर्थ कॅमेरा कमी चालला असा होत नाही, हे पुढे बघू.

दुसरं घर पक्ष्यांच्या हौशी मंडळींचं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर तालुक्यात मागे पसरलं. तेव्हापासून भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा भाग रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात पुण्याहून मंडळी पहाटेच होडीत बसतात. थवा उडाला की बटणावरचं बोट पाच सेकंद उचलत नाहीत. सेकंदाला दहा फोटो धरले तर पन्नास झाले. असे वीस थवे उडाले की एका सकाळचे हजार! हौशी माणसाचा कॅमेरा बाहेरून नव्या नवरीसारखा दिसतो, पण आत शटर म्हातारं असू शकतं. शिवाय तेच दिवस ऊसतोडीचे. रस्त्यांवर धूळ भरपूर, आणि उघड्यावर लेन्स बदलली की ती थेट सेन्सरवर बसते.

आकडा कसा काढायचा?

विकणारा कधीकधी फोटोचा क्रमांक दाखवतो. "बघा, फक्त ४१२ नंबर आहे." यावर जाऊ नका. हा क्रमांक ९९९९ पर्यंत गेला की पुन्हा १ पासून सुरू होतो, आणि मेनूतून कधीही मागे आणता येतो.

खरा आकडा फोटोच्या फाइलमध्ये लपलेला असतो. निकॉनच्या आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत तो प्रत्येक फोटोबरोबर लिहिला जातो. त्यासाठी आपलं स्वतःचं मेमरी कार्ड न्या, कॅमेऱ्यात घाला आणि तिथल्या तिथे एक फोटो काढा. तीच फाइल, जराही न बदलता, संगणकावर घ्या. 'एक्झिफटूल' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम ती उघडून 'शटर काउंट' दाखवतो. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम. फोटो व्हॉट्सअॅपवर मात्र मागवू नका. तिथे फाइल दाबून लहान होते आणि लपलेली माहिती गळून जाते. पीठ चाळताना कोंडा जातो तशी!

कॅननच्या बहुतेक मिररलेसमध्ये आकडा फाइलमध्ये येत नाही. ईओएस आर ३ सारख्या काही मॉडेलांत तो मेनूतच दिसतो. बाकीच्यांसाठी सर्व्हिस सेंटरला विचारणं उत्तम. आकडा मिळालाच नाही तर म्हातारं शटर धरूनच भाव करायचा.

कानांनी ऐका, डोळ्यांनी बघा

आकड्याइतकीच महत्त्वाची ही तपासणी. ती दिवसाउजेडी, अंगणात किंवा गच्चीवर करा. घरातल्या एलईडी दिव्याखाली फोटोत आपोआप पट्टे येतात आणि बिचाऱ्या शटरवर उगाच आळ येतो.

आधी मेनूत 'सायलेंट' बंद करा. शटरचा प्रकार निवडता येत असेल तर 'मेकॅनिकल' निवडा. हे विसरलात तर पडदा हलणारच नाही, आणि तुम्ही तपासताय काय?

मग 'एस' वर ठेवा. कॅननवर त्यालाच 'टीव्ही' म्हणतात. आयएसओ ऑटोवर ठेवा. एका रंगाची भिंत किंवा मोकळं आभाळ समोर धरून १/२००, १/१०००, १/४००० आणि कॅमेऱ्यात असेल तर १/८००० या वेगांनी तीन-तीन फोटो काढा. सगळे सारखेच उजळ यायला हवेत. एका बाजूला काळसर पट्टा दिसला, किंवा तीनपैकी एखादाच काळा आला, तर दोन पडद्यांची चाल बिघडली आहे. तिथून निघा.

नंतर सलग फोटोंवर ठेवून तीस-चाळीस फोटो काढा आणि आवाज ऐका. शिवणयंत्र नीट चालताना कसा एकसारखा ठोका पडतो? तुमच्या कानाला तो चांगलाच ओळखीचा आहे. ठोका मध्येच चुकला, घासल्यासारखा आला किंवा पडद्यावर चुकीचा संदेश झळकला तर शटर थकलं आहे. एक-दोन फोटो पूर्ण एक सेकंदाचेही काढा. उघडतानाचा आणि मिटतानाचा आवाज वेगवेगळा, स्वच्छ ऐकू यावा.

तुम्हाला घरातले समारंभ टिपायचे आहेत, तेव्हा फ्लॅश लावून १/१६० वेगाने चार फोटो घ्या. फोटोच्या कडेला काळी पट्टी नको.

कोणी म्हणेल, "शटर गेलं तरी काय झालं? सायलेंटवर चालतोच की!" उन्हात, स्थिर वस्तूंना चालेल. पण बहुतेक कॅमेऱ्यांत सायलेंटवर फ्लॅश पेटत नाही, एलईडीच्या उजेडात पट्टे येतात आणि धावणारं मूल तिरकं उमटतं. आपलं काम तर हॉलमध्ये, दिव्यांखाली आणि मुलांच्या मागे. तुम्हाला चांगला पडदा हवाच.

लेन्स काढून आत बघायचं असेल तर जरूर बघा, पण बोट किंवा फडकं लावू नका. काही मॉडेलांत कॅमेरा बंद केल्यावर पडदा मिटलेला दिसतो, त्याची पाती फुंकरीनेसुद्धा बिघडू शकतात. बंद कॅमेरा हलवल्यावर आत किंचित खुळखुळलं तर घाबरू नका. हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून ज्यांचा सेन्सर तरंगता असतो त्यांत असा आवाज येतो.

आकडा कमी, पण झीज जास्त

आता व्हिडिओवाल्या कॅमेऱ्याकडे वळू. शटरचा आकडा दहा हजार, पण कॅमेरा तासन् तास तापत चाललेला. अशा वेळी केबल लावायची भोकं ढिली झाली आहेत का, फिरता पडदा सगळ्या बाजूंना वळवून चित्र मध्येच जातं का, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, खालचा स्टँडचा आटा झिजला आहे का, हे बघा. दहा मिनिटं सलग व्हिडिओ चालवून पाहा. आकडा कमी आणि तळ घासलेला असेल तर त्यामागची हकीकत विचारा.

आणखी एक नवीनच दुखणं आलं आहे. वरातीत आणि डीजेपुढे लेसरचे झोत फिरतात. तो किरण थेट लेन्समधून आत गेला तर सेन्सर कायमचा भाजतो. म्हणून पांढरी चादर किंवा आभाळ एफ १६ वर टिपा आणि फोटो मोठा करून कोपऱ्यान् कोपरा बघा. करडे, अंधुक ठिपके असतील तर ती धूळ, साफ होते. पण रंगीत रेघ किंवा टिकली प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसली, छिद्र लहान-मोठं करूनही तशीच राहिली, तर ते पुसलं जाणारं नाही. लग्नघरच्या कॅमेऱ्यासाठी ही तपासणी चुकवू नका.

भाव आणि बोलणं

समजा, कॅमेऱ्याचं आयुष्य दोन लाखांचं आणि आकडा निघाला चाळीस हजार. मग चालू बाजारभावाने निःशंक घ्या. एक लाख वीस हजार निघाला तर घ्यायला हरकत नाही, पण भाव चांगलाच उतरायला हवा. दोन लाखांच्या पुढे असेल तर पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचं नवं शटर बसवायला मजुरीसह किती लागतील ते विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. शटर बदलता येतं, तो काही असाध्य रोग नव्हे. फक्त खर्च कोणाच्या पदरात पडणार हे आधी ठरलं पाहिजे. विकणारा म्हणाला की शटर बदललंय, तर त्याची पावती मागा.

आता विचारायचं कसं? सरळ. "दादा, हे भिशीचे पैसे आहेत आणि सात हप्ते अजून डोक्यावर आहेत. रविवारी दिवसा येते, माझ्या कार्डावर चार फोटो काढून आकडा बघते. निघेल त्यावर आपण दोघं मिळून भाव ठरवू." यात त्यांचा अपमान नाही आणि तुमचा कमीपणाही नाही. चांगल्या कारागिराला आपल्या हत्याराची हालत ठाऊक असते, आणि विचारणाऱ्याचं त्याला कौतुकच वाटतं. घरच्यांनाही एक सांगा. तपासून घेतलेल्या वस्तूवरून नात्यात वितुष्ट येत नाही. न तपासता घेतलेली बिघडली की जाऊबाईंशी बोलणं तुटतं, आणि मग स्वयंपाकघरात रोज दोघींची तोंडं दोन दिशांना!

यजमानांना बरोबर न्या, पण बटण तुम्हीच दाबा. वापरणार तुम्ही आहात. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, असं कोणी म्हटलं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते त्यांच्या स्वतःच्या नावाने.

कागदपत्रं विसरू नका. मूळ बिल मागा आणि बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या अंगावरच्या क्रमांकाशी जुळवा. चोरीचा माल अजाणताही घरात येऊ नये. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर तारीख, क्रमांक, त्या दिवशीचा शटरचा आकडा, किंमत आणि 'आठ दिवसांत दोष निघाल्यास परत' एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. नात्यात लेखी कशाला, असं वाटेल. पण दोघांच्या आठवणीत दोन वेगळे भाव राहण्यापेक्षा एक चिठ्ठी बरी.

पर्समध्ये ठेवायची यादी

१. स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड आणि कार्ड रीडर.
२. वेळ दिवसाची, जागा उघड्यावरची.
३. 'सायलेंट' बंद.
४. १/२००, १/१०००, १/४००० वर भिंतीचे फोटो. पट्टा नको.
५. सलग चाळीस फोटो. ठोका एकसारखा.
६. फ्लॅश लावून चार फोटो.
७. एफ १६ वर पांढरी चादर. रंगीत रेघ नको.
८. केबलची भोकं, फिरता पडदा, झाकण, तळ.
९. फाइलमधून शटरचा आकडा. व्हॉट्सअॅपवरची फाइल चालणार नाही.
१०. बिल, क्रमांक, बॅटरी, चार्जर, चिठ्ठी.

दहापैकी एखादी गोष्ट राहिली तर पैसे त्या दिवशी देऊ नका. कॅमेरा पुढच्या रविवारीही तिथेच असेल, आणि नसला तर दुसरा मिळेल. भिशी मात्र वर्षातून एकदाच लागते.